अपोलोशिवायची डॅफ्नी

डॅफ्नीचं शिल्प करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी अपोलोला वगळलं. उंची किती ठेवायची, तार कुठली घ्यायची, कागद कुठला वापरायचा हे नंतर एकेक करून ठरत गेलं. हा निर्णय मात्र पहिल्या कच्च्या रेखाटनाच्याही आधीचा, आणि पुढचं सगळं काम त्याच्याच आधारावर झालं.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पायथन नावाच्या प्रचंड सर्पाला मारून अपोलो हा ग्रीक देव फुशारलेला असतो आणि त्या भरात प्रेमाचा देव इरॉस याच्या इवल्याशा धनुष्याची टिंगल करतो. इरॉस दोन बाण काढतो. एक सोन्याचा, टोकदार, प्रेम जागवणारा. तो अपोलोला लागतो. दुसरा बोथट, शिशाचा, प्रेमाला पळवून लावणारा. तो डॅफ्नीला लागतो. डॅफ्नी ही थेसलीतल्या पेनिअस नदीदेवाची मुलगी. तिला लग्न करायचं नाही, रानात शिकार करत हिंडायचंय, आणि बापाच्या गळ्यात पडून तिनं तशी परवानगीही मिळवलेली आहे. अपोलो मागे लागतो, ती जीव घेऊन पळते, शेवटी नदीकाठी दमून थांबते आणि बापाला विनवते की ज्या रूपामुळे हे सगळं ओढवलं ते रूपच बदलून टाका. क्षणात तिचे पाय मुळं होतात, हात फांद्या होतात, केसांची पानं होतात. ती लॉरेलचं झाड होते.

कथा ग्रीक, पण तिचं सगळ्यात तपशीलवार रूप आपल्यापर्यंत आलं ते ओव्हिड या रोमन कवीमुळे. इ.स. 8 च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या 'मेटॅमॉर्फसिस' या पंधरा खंडांच्या काव्यात ती पहिल्याच खंडात येते. इतर रूपंही आहेत. पॉसेनिअस या दुसऱ्या शतकातल्या ग्रीक प्रवाशानं लिहून ठेवलेल्या कथेत डॅफ्नी लॅडन नदीची मुलगी आहे आणि तिच्यासाठी ल्यूकिप्पस नावाचा तरुण मुलीचा वेश घेऊन तिच्या मैत्रिणींत मिसळतो. मी मात्र ओव्हिडलाच धरून राहिले, कारण रूपांतराचा एकेक टप्पा त्यानं जसा क्रमानं सांगितलाय तसा हातांनी काम करणाऱ्याला फार उपयोगी पडतो. आधी अंगात जडपणा येतो. मग छातीभोवती पातळ साल चढते. मग केस, मग हात, मग पाय, आणि सगळ्यात शेवटी चेहरा शेंड्यात मिसळून जातो. ही जवळजवळ कामाची यादीच आहे.

या विषयावर शिल्प म्हटलं की बर्निनीचं नाव येणारच. 1622 ते 1625 या काळात कार्डिनल शिपिओने बोर्गेझे यांच्यासाठी त्यानं संगमरवरात अपोलो आणि डॅफ्नी घडवले; काम सुरू केलं तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता. ते शिल्प रोममधल्या बोर्गेझे गॅलरीत आहे, माणसाहून उंच, 2.43 मीटर. पानं आणि मुळं यांचं अतिशय नाजूक कोरीवकाम त्याचा सहकारी जुलिआनो फिनेल्ली याच्या हातचं मानलं जातं. मी वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले त्याचे फोटो समोर ठेवून तासन् तास बसले. प्रत्येक वेळी एकच गोष्ट खटकत राहिली. शिल्पाचं मोठेपण निर्विवाद आहे, पण त्यात आपण पाठलाग बाजूनं बघतो. अपोलोचा हात तिच्या कमरेपर्यंत पोचलाय, तिचं तोंड किंकाळीनं उघडलंय. झाड होणं हे तिथं तिच्यावर कोसळलेलं आहे.

ओव्हिडच्या ओळी परत वाचल्या तर तसं नाही. तिनं मागितलंय. साल तिच्या मागण्याला उत्तर म्हणून आली. मला हा क्षण हवा होता, आणि त्यात अपोलोचं काही काम नव्हतं. शिवाय त्याला काढून टाकलं की एक चमत्कारिक गोष्ट घडते. शिल्पासमोर उभं राहून तिच्याकडे बघणारा माणूस आपसूक अपोलोच्या जागी येतो. तो कुठून बघतोय, किती जवळ येतोय, हे त्याचं त्यालाच जाणवायला लागतं. म्हणून मी तिला पाठमोरी ठेवायचं ठरवलं. समोरून दिसेल ती पाठ, वर फेकलेले हात आणि किंचित वळलेली मान. चेहरा बघायचा असेल तर वळसा घालून जावं लागेल.

आता तार. शिल्प पायापासून डोक्यापर्यंत 45 सेंटिमीटर, वर उचललेले हात त्याच्या वर. प्रमाण आठ डोक्यांचं घेतलं, म्हणजे डोकं साडेपाच सेंटिमीटरच्या जरा वर. पॉलिक्लायटस या ग्रीक शिल्पकारानं इ.स.पूर्व पाचव्या शतकात शरीराच्या प्रमाणांवर एक ग्रंथच लिहिला होता, तो आता हरवलाय. पुढच्या शतकात लिसिप्पसनं डोकी लहान आणि अंगं सडपातळ करून मूर्ती उंच भासवल्या, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. पळणाऱ्या मुलीसाठी मला लिसिप्पसचाच मार्ग बरा वाटला. खऱ्या माणसाची उंची सहसा साडेसात डोक्यांच्या आसपास भरते. अर्ध्या डोक्याच्या या वाढीनं अंगात चपळाई येते.

सांगाड्यासाठी तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार घेतली. ती हातानं वाकते आणि वाकवलेल्या जागी थांबते. एक तार डाव्या पायापासून कण्यातून डोक्यापर्यंत, दुसरी उजव्या पायापासून तशीच. कण्याच्या भागात दोन्हींना एकमेकींभोवती पीळ दिला. खांदे आणि हात यांची तार वेगळी, ती मानेखाली बारीक बाइंडिंग तारेनं घट्ट आवळली. हा सांधा सैल राहिला तर वरचे सगळे थर त्याच रेषेत तडकतात, म्हणून बाइंडिंग तारेवर डिंकात भिजवलेल्या कापडाची पट्टीही गुंडाळली.

पायांशी मात्र तार मुद्दाम चांगली वीतभर जास्त सोडली होती, कारण मुळं तिथूनच निघणार होती.

मुळांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. पळताना अंग पुढे झुकलेलं असतं, म्हणजे शरीराचा भार पावलांच्या पुढे पडतो. अशी मूर्ती स्वतःच्या दोन पायांवर उभी राहूच शकत नाही. ग्रीकांचे बरेच मोठे पुतळे काशाचे, आतून पोकळ, मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी ओतलेले. काशाला ताण सोसतो, त्यामुळे हातपाय मोकळे ठेवता येत. रोमनांनी त्यांच्या संगमरवरी नकला केल्या तेव्हा पंचाईत झाली. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही, आणि घोट्याशी मटकन तुटतो. त्यावर त्यांनी तोडगा काढला तो पायाला टेकून एक झाडाचा बुंधा कोरायचा. व्हॅटिकनमधल्या 'अपोलो बेल्व्हेडेर' या संगमरवरी पुतळ्याच्या पायाशीही असा बुंधा आहे. संग्रहालयांतल्या मूर्तींचे हे बुंधे बघून मला नेहमी वाटायचं की यांचा कथेशी काही संबंध नाही, हे नुसते टेकू. डॅफ्नीच्या बाबतीत पहिल्यांदाच असं होतं की टेकू हीच कथा. तिला जे उभं धरतं तेच तिचं होणं आहे.

म्हणून मुळं आधी केली, बाकी सगळं नंतर. जास्तीच्या तारांना अजून काही तुकडे जोडून त्या फळीवर पसरवल्या. डावं पाऊल पूर्ण रुजलेलं, टाच फळीला टेकलेली. उजवी टाच अजून वर आहे, फक्त बोटांतून मुळं सुटून खाली गेलीत. सगळ्यात लांब मूळ पुढच्या दिशेला काढलं, कारण भार तिकडेच होता, आणि त्याचं टोक फळीला भोक पाडून खालून वळवून स्क्रूखाली दाबलं. मागची दोन मुळंही तशीच खालून बांधली, नाहीतर पुढे झुकताना डावी टाच उचलली गेली असती. हे झाल्यावर नुसता सांगाडा हलवून बघितला. फळी उचलली गेली, पण तार घोट्याशी लवली नाही. तेव्हाच पुढे गेले.

अंग भरायला ॲल्युमिनियमची फॉइल वापरली. तिचे बोळे मांडी, नितंब, बरगड्यांचा पिंजरा, दंड अशा जागी बसवायचे आणि चमच्याच्या पाठीनं दाबून घट्ट करायचे. फॉइल हलकी असते आणि पाणी पीत नाही, त्यामुळे वरचा कागद वाळताना आतून ओल राहत नाही. फक्त ती ठोकून ठोकून घट्ट व्हायला हवी, नाहीतर महिन्यांनंतरही एखाद्या जागी वरचं कवच आत बसतं. फॉइलवर कागद नीट चिकटत नाही, म्हणून सगळ्यावर मास्किंग टेपचा एक वेढा दिला. या अवस्थेत मूर्ती फार ओबडधोबड दिसते, पण ढब आत्ताच दिसायला हवी. लांबून, दिवा मागे ठेवून, नुसती आकृती बघितली. पाय थांबलेत हे कळत होतं. वरचं अंग अजून पळतंय हेही कळत होतं.

आता कागद. मैद्याची खळ केली. एक भाग मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, त्यात पाच भाग उकळतं पाणी घालत ढवळत राहायचं, मंद आचेवर ती पारदर्शक दिसायला लागेपर्यंत. गार झाल्यावर त्यात थोडा पांढरा डिंक आणि बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचे चार थेंब. कागदाच्या पट्ट्या फाडायच्या, कापायच्या नाहीत. कापलेली कड वाळल्यावर पायरीसारखी उठून दिसते. फाडलेल्या कडेचे तंतू विरळ होत जातात आणि शेजारच्या पट्टीत मिसळतात. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा साध्या खाकी कागदाचा, मग परत वर्तमानपत्राचा, म्हणजे कुठला थर कुठे राहिलाय ते नजरेला लगेच कळतं. दोन-तीन थरांनंतर पूर्ण वाळू द्यायचं. घाईनं वरून थर चढवत गेलं तर आतली ओल कोंडते आणि महिन्याभरानं वास सुटतो.

हे काम एकसुरी आहे आणि मला ते अतिशय आवडतं. हात आपोआप चालतात, मन मोकळं राहतं. मला आठवत राहिले ते इजिप्तमधले ममींचे मुखवटे आणि छातीवरची आवरणं. टॉलेमी घराण्याच्या काळात, म्हणजे ग्रीक राजवटीत, ही आवरणं रद्दी पपायरसचे थर एकमेकांवर चिकटवून, वर गिलावा देऊन, रंगवून करत. आपल्या पेपर मॅशेचीच ही पूर्वज मंडळी. त्या थरांतून संशोधकांनी हरवलेलं ग्रीक साहित्य परत मिळवलंय. पोसिडिप्पस या इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातल्या कवीच्या शंभरहून अधिक छोट्या कविता असलेली एक गुंडाळी अशाच एका ममीच्या आवरणातून निघाली आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या कवितांचा एक अख्खा भाग पुतळे घडवणाऱ्यांवर आहे आणि त्यात लिसिप्पसचं कौतुक आहे! शिल्पकारांवरच्या कविता रद्दी झाल्या, रद्दीचं आवरण झालं, आणि त्या आवरणानंच त्या दोन हजार वर्षं सांभाळल्या. मी माझ्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावत असताना एखादा मथळा डॅफ्नीच्या मांडीवर उलटा येऊन बसायचा, तेव्हा हे हटकून मनात यायचं.

थर पुरे झाल्यावर त्वचेसाठी बारीक लगदा केला. साधा टिश्यू पेपर पाण्यात विरघळेपर्यंत भिजवून, फडक्यातून घट्ट पिळून, त्यात पांढरा डिंक, खडूची बारीक पूड आणि अगदी थोडं जवसाचं तेल. तेलामुळे तो हाताला चिकटत नाही आणि पसरवताना गुळगुळीत होतो. हा लगदा चिमटीत धरून आकार देता येईल इतका घट्ट हवा. पाठीचे दोन खळगे, खांद्याची पाती, मानेचा वळलेला स्नायू हे सगळं त्यानंच उठवलं. ओल्या बोटानं नितळ करायचं, वाळलं की बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. जाड जागी वाळताना केसाएवढ्या चिरा पडतात, तो लगद्याचा धर्मच आहे. त्या चिरांत पातळ लगदा भरून परत घासायचं.

डोकं एवढं लहान की चेहऱ्याचं काम दात कोरायच्या काडीनं आणि विणकामाच्या बारीक सुईनं केलं. त्यावर मी फार बोलणार नाही, फक्त ओठांबद्दल सांगते. ओठ मिटलेले ठेवले. किंकाळी नाही, हसूही नाही. तिनं नुकतंच जे बोलायचं ते बोलून झालंय. डोळ्यांच्या पापण्या टिश्यूच्या बारीक वळ्या करून बसवल्या आणि नजर खाली न ठेवता समोर, हातांच्या दिशेनं वर नेली. ती आपल्या बोटांकडे बघतेय.

केसांना वेळ दिला. धावणारा माणूस एकदम थांबला तर त्याचे केस मागे राहत नाहीत, पुढे झेपावतात. पाय थांबल्याची बातमी केसांपर्यंत अजून पोचलेली नसते. म्हणून टिश्यूच्या पिळलेल्या बटा डाव्या खांद्यावरून पुढे फेकल्या आणि त्यांच्या टोकांना पहिली बारीक पानं लावली.

या सगळ्या खटाटोपाचा गाभा होता तो त्वचा आणि साल यांची सीमा. इथं मी सर्वाधिक रेंगाळले. झाडाची साल म्हटलं की डोळ्यांसमोर खरबरीत, भेगाळलेलं काहीतरी येतं, आणि हस्तकलेत ती करायच्या युक्त्याही पुष्कळ आहेत. नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलला की आतल्या उभ्या कण्या हुबेहूब सालीसारख्या दिसतात. पण लॉरेलची साल तशी नसतेच. ती पातळ, बरीचशी गुळगुळीत, राखी-हिरवट असते. ओव्हिडही पातळ सालच म्हणतो. म्हणजे ही साल चिलखत नाही, ती अंगाला घट्ट लपेटलेली एक घडी आहे. पुठ्ठा बाजूला ठेवला आणि पातळ खाकी कागद घेतला.

कागदाला आपली एक दिशा असते. कारखान्यात तो तयार होताना बहुतेक तंतू एकाच दिशेला लोळण घेतात. त्या दिशेनं फाडला तर सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. आणि ओला झाला की तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त फुगतो, वाळताना तिकडेच जास्त आकसतो. मी पट्ट्या अशा फाडल्या की तंतू उभे, पायाकडून कमरेकडे जाणारे राहतील. त्या भिजवून, मुठीत चुरगाळून, उलगडून लावल्या. वाळताना पट्टी पायाच्या घेराभोवती आवळली गेली आणि तिच्यात बारीक उभ्या सुरकुत्या राहिल्या. कोरून काढाव्यात अशा त्या सुरकुत्या कागदानं स्वतःच्या स्वभावानं दिल्या. लाकडाच्या तंतूंपासून झालेला कागद परत सालीच्या रेषेत उभा राहताना बघून मला जे वाटलं त्याला आनंदाशिवाय दुसरा शब्द नाही.

डावा पाय पूर्ण साल. उजवा गुडघ्यापर्यंत. डाव्या कुशीवरून ती तिरकी वर चढते आणि छातीच्या बाजूला जाऊन विरते. विरण्यासाठी प्रत्येक पट्टीची वरची कड पाण्यानं भिजवून, हलकेच ओढून, तंतू उघडे पडतील इतकी पातळ केली. नखाखाली ती कड लागत नाही. बोट फिरवलं तर त्वचा कुठे संपली ते सांगता येत नाही, फक्त थोड्या वेळानं आपण सालीवर आहोत एवढं कळतं.

छातीच्या जागी एक वेगळी गोष्ट केली. ओव्हिडच्या गोष्टीत अपोलो बुंध्यावर हात ठेवतो आणि नव्या सालीखाली अजून धडधडणारं काळीज त्याला जाणवतं. ही ओळ मला सोडायची नव्हती. म्हणून तेवढ्या भागात आधी त्वचेचा रंग लावून घेतला, जरासा लालसर, आणि तो वाळल्यावर वर टिश्यूचा एकच पदर पातळ केलेल्या पांढऱ्या डिंकात भिजवून चिकटवला. भिजलेला टिश्यू वाळला की अर्धपारदर्शक होतो. त्यातून खालचा लालसरपणा दिसतो, पण जवळ गेल्यावरच.

पानांची कथा निराळी. मूर्ती साधारण साडेतीन पटींनी लहान, तर लॉरेलचं नऊ सेंटिमीटरचं पान अडीच सेंटिमीटरचं होणार आणि रुंदी एक सेंटिमीटरलाही पोचणार नाही. पान भाल्याच्या पात्यासारखं लांबट, कड किंचित लाटदार, आणि फांदीवर आलटून पालटून, एका पेऱ्यावर एकच. समोरासमोर जोडीनं लावली तर ते लॉरेल राहत नाही. दोन पातळ कागदांच्या मध्ये बारीक तार ठेवून चिकटवली; तीच मधली शीर आणि तोच देठ. अर्धवट ओलं असताना कात्रीनं आकार कापला, मऊ स्पंजवर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननं शिरा दाबल्या, आणि चिमटीत कड धरून तिला एकदा वर, एकदा खाली अशी लाट दिली. शीर दाबताना पान आपोआप थोडं वळतं, आणि त्या वळण्यानं ते जिवंत दिसायला लागतं. सपाट पान कितीही नीट कापलं तरी कागदच वाटतं.

हातांची बोटं तारेचीच होती. मधली तीन बोटं नखांच्या जागेवरून पुढे लांबवून फांद्या केल्या. अंगठे मात्र दोन्ही हातांचे शेवटपर्यंत माणसाचे ठेवले. अंगठा आहे तोवर हात हा हात आहे, असं मला वाटतं.

रंगाच्या वेळी मनात द्विधा नव्हती. पांढरं ठेवून संगमरवराचा आव आणायचा नव्हता. ग्रीक मूर्ती पांढऱ्या नव्हत्याच. त्यांच्यावर गेरू, हिंगूळ, हिरवं मॅलकाइट, इजिप्शियन निळा असे भडक रंग होते. विन्झेन्झ ब्रिंकमान हे जर्मन पुरातत्त्वज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिरप्या उजेडात आणि अतिनील किरणांत मूर्ती तपासून त्या रंगांचे अवशेष शोधले, आणि 2003 मध्ये म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात रंगवलेल्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरलं. ते फोटो बघितल्यावर पांढऱ्या प्लास्टरची मोहिनी माझ्यापुरती संपली.

ॲक्रिलिकमध्ये त्वचेसाठी पांढरा, पिवळी माती आणि कणभर लाल. सालीसाठी तीच पिवळी माती, अल्ट्रामरीन निळा आणि पांढरा. दोन्हीकडे एक रंग समान ठेवल्यामुळे सीमेवर ते भांडत नाहीत. सीमेवर जवळजवळ कोरड्या ब्रशनं साल वरच्या दिशेला ओढली, त्वचा खालच्या. पानांची वरची बाजू गडद हिरवी, खालची फिकट.

वॉर्निश निवडताना परत ओव्हिडकडे गेले. सगळं झाल्यावर तिच्यात उरली ती फक्त झळाळी, असं तो म्हणतो. लॉरेलची पानं चकचकीत असतात, हे त्यानं नीट बघितलेलं असणार. मग अंगाला, सालीला, चेहऱ्याला बिनचमकीचं वॉर्निश दिलं आणि चमकदार वॉर्निश फक्त पानांच्या वरच्या बाजूला. दिवा लावला की आधी पानंच दिसतात.

राहिली एक व्यवस्थेची बाब. कागदाची पानं आज ना उद्या कुणाच्या बाहीला अडकणार, वाकणार, तुटणार. फिडिअस या ग्रीक शिल्पकारानं अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातल्या अथीना देवीच्या मूर्तीवरचं सोनं काढता यावं अशा बेतानं बसवलं होतं. अथेन्सचा नेता पेरिक्लिस यानं अथेन्सवासीयांना अडीअडचणीला ते सोनं वापरता येईल असं सांगितल्याचं ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस नोंदवतो. माझ्या पानांना सोन्याचं मोल नाही, पण बेत तोच उचलला. फांद्यांवर सुईनं भोकं पाडून पानांचे देठ नुसते त्यांत खोचले, डिंक लावला नाही. तशीच रंगवून, वॉर्निश देऊन तयार केलेली जादा पानं एका छोट्या डबीत घालून फळीच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवली आहेत. बदलताना एवढंच बघायचं की नवं पान आधीच्या पानाच्या विरुद्ध बाजूला येईल.